वाजू दे खटका

भंगाराच्या दुकानात कुणी प्रेमात पडायला जात नाही. टाचणीही गेली होती ती फक्त एक कप्पी शोधायला.

बाहेर भुरभुर पाऊस होता आणि छपराच्या पत्र्यावर त्याची टपटप चालली होती. आत जुन्या सायकली, मोडके पंखे आणि गंजलेल्या साखळ्या यांचे ढीग लागले होते. बराच वेळ शोधल्यावर ती तिला दिसली. वरच्या फळीवर, एका फुटक्या बादलीच्या आड एक लोखंडी जोडकप्पी होती. दोन्ही चाकं शाबूत, खोबणीही न झिजलेली. टाचणी चवड्यांवर उभी राहिली, हात ताणला, बोटाचं टोक लोखंडाला लागलं... आणि तेवढ्यात तिच्या डोक्यावरून एक लांबलचक हात आला आणि कप्पी अलगद उचलून घेऊन गेला.

"अहो, ती माझी आहे," ती वळून म्हणाली.

"तुमची? नाव तर कुठे दिसत नाही," तो कप्पी उलटसुलट करत म्हणाला.

"मी आधी पाहिली."

"मी आधी पोचलो."

"जिराफासारखी मान आणि हात असले की कुणीही पोचेल."

त्याने आधी हाताकडे पाहिलं, मग मानेवरून हात फिरवला. "हातांचं मान्य. मान एवढी काही वाईट नाही हो."

टाचणीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. कॉलेजात तिला हे नाव उगाच पडलं नव्हतं. अंगाने ती बारीक होती आणि बोलली की टोचायचीच. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं.

"तुम्हाला कशाला हवी आहे?" तिने विचारलं.

"टेकू सरांचा प्रकल्प आहे."

म्हणजे हा आपल्याच कॉलेजचा, दुसऱ्या तुकडीतला. टेकू सर दोन्ही तुकड्यांना यंत्रशास्त्र शिकवायचे. चांगले गोल गरगरीत गृहस्थ. कुठलाही प्रश्न विचारा, 'आधी टेकू कुठे आहे ते सांगा' असंच म्हणायचे. यंदा त्यांनी जोड्यांनी करायचा प्रकल्प दिला होता. तरफ, कप्पी, चाक-आस, उतरण... शाळेत शिकलेली साधी यंत्रं वापरायची आणि एकट्या माणसाला न पेलणारं ओझं एकट्या माणसाने हलवून दाखवायचं. मोटर चालणार नाही, इंजिन चालणार नाही. आणि ओझं खरं हवं, कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतलं.

"मलाही त्याच्यासाठीच हवी आहे," टाचणी म्हणाली. "तुमचं ओझं कोणतं?"

"ते अजून ठरायचंय. म्हटलं आधी यंत्र जमवू."

"म्हणजे चप्पल आधी घ्यायची आणि पाय नंतर शोधायचे."

"आणि तुमचं?"

टाचणीने त्याच्या हातातल्या कप्पीकडे पाहिलं. "आहे एक. नव्वद किलोचं."

गल्ल्यावर बसलेल्या भंगारवाल्या मावशी मगापासून हे ऐकत होत्या. "हे बघा," त्या म्हणाल्या, "तुम्ही वाट अडवून उभे आहात. दोघं मिळून न्या, नाहीतर ठेवा परत. उद्या मी ती भट्टीत पाठवते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझा जोडीदार कॉलेज सोडून गेला," तो म्हणाला. "तुमचा?"

"मी घेतलाच नाही. माझ्याबरोबर कुणी टिकत नाही."

"मी टिकतो का... बघू या?" त्याने कप्पी तिच्यापुढे धरली. "फक्त ते अहोजाहो बंद. जिराफ म्हणायचं आणि वर मान द्यायचा, हे काही जुळत नाही."

या वेळी मात्र तिला हसू दाबता आलं नाही.

*

ते नव्वद किलोचं ओझं म्हणजे टाचणीचे बाबा.

कॉलेजपर्यंत चालत जाताना तिने जिराफला सगळं सांगितलं. बाबा पोहायला शिकवायचे. चौकातल्या पोहण्याच्या तलावावर त्यांनी इतक्या पोरांना पाण्यात ढकललं होतं, की रस्त्याने जाताना दर दहा पावलांवर कुणीतरी 'सर' म्हणून हाक मारायचं. मग गेल्या वर्षी पाठीचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाली, आणि पायांतली शक्ती गेली ती गेलीच. आता रोज सकाळी ती आणि आई मिळून त्यांना पलंगावरून चाकांच्या खुर्चीत बसवायच्या. बाबा त्याही वेळी थट्टा करायचे. म्हणायचे, "पोत्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की पोतं सूचना करत नाही."

पण पाण्याचं नाव त्यांनी टाकलं होतं. तलाव घरापासून जवळच होता, शिट्टी घरात ऐकू यायची. बाबांनी त्या बाजूची खिडकी लावून घेतली होती.

"डॉक्टर म्हणाले की पाण्यात उतरलात तर बरंच आहे," टाचणी म्हणाली. "तिथल्या दोघांनी त्यांना उचलून उतरवायचा प्रयत्न केला. ओल्या फरशीवर एकाचा पाय सरकला. बाबा पडले नाहीत, पण... सगळ्यांच्या देखत अर्धवट लोंबकळत राहिले. पाय न भिजवता घरी आले. तेव्हापासून विषयच नाही."

"विजेवर चालणारी खुर्ची?"

"पाण्याशेजारी विजेची तार नको, असं तलावाचे व्यवस्थापक म्हणतात. म्हणून हाताने."

जिराफने कप्पी खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "बाबांना सांगितलंस?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. पुन्हा एकदा आस लावायची आणि मोडायची... मला नाही जमणार ते."

*

कॉलेजच्या कार्यशाळेत यंत्र आकार घेऊ लागलं. जड बैठकीवर एक खांब. खांबाला फिरता आडवा हात. त्या हाताखाली कप्प्यांमधून ओवलेला चौपदरी दोर, आणि दोराला पट्ट्यांची खुर्ची. दोराचं दुसरं टोक खांबाच्या बुंध्याशी बसवलेल्या रहाटावर गुंडाळलेलं. रहाटाला लांब दांडा. टाचणी आकडेमोड करायची, जिराफ कापाकापी आणि जोडणी करायचा. नंतर ती जोडणीत चुका काढायची आणि तो आकडेमोडीत.

"चार पदरांनी वजन वाटून घेतलं," तो एकदा दोर ओवता ओवता म्हणाला. "त्यात दांडा एवढा लांब. बाबा तुझ्या हाताला शाळेच्या दप्तराएवढे लागतील."

"आणि घर्षण?"

"घर्षण धरून जरा जड दप्तर. भूगोलाचं पुस्तक असलेलं." त्याने दोर पुढे ओढला. "पण फुकट काही मिळत नाही. बाबांना हातभर वर घ्यायचं तर दोर चार हात ओढावा लागणार. जोर वाचतो, वेळ जातो."

"जाऊ दे. मला घाई नाही."

"मलाही नाही. मी तर मुद्दाम सावकाश ओढतोय."

"काय?"

"दोर," तो म्हणाला. पण बघत होता तो तिच्याकडे.

टाचणीने मान खाली घातली आणि आधीच घट्ट असलेला नट पुन्हा आवळला. त्या दिवशी तिच्या गणितात दोन चुका निघाल्या. त्या जिराफने गुपचूप सुधारल्या आणि वहीच्या कोपऱ्यात एक लांब मानेचा प्राणी काढून ठेवला.

भांडण झालं ते खटक्यावरून.

जिराफला रहाटाला दातेरी चाक बसवायचं होतं आणि त्यात अडकणारा खटका. वर घेताना खटका एकेका दातावरून कडकड करत सरकतो आणि चाकाला उलटं फिरू देत नाही. खाली सोडताना तो दुसऱ्या हाताने उचलून धरायचा. हात काढला की यंत्र जागच्या जागी थांबतं.

"नको," टाचणी म्हणाली. "केवढा आवाज होतो त्याचा."

"होऊ दे की."

"सगळे वळून बघतील."

"अगं, पण दांडा सुटला तर..."

"माझ्या हातून नाही सुटणार. वर्षभर उचलतेय मी त्यांना."

तिच्या आवाजात असं काही होतं, की जिराफने खटका पिशवीत ठेवून दिला.

*

तलावाच्या सुट्टीच्या दिवशी व्यवस्थापकांनी त्यांना आत येऊ दिलं. बारीक, शिस्तीचा माणूस, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. खुर्चीवर नव्वद किलोची वाळूची पोती बांधली. टाचणीने दांडा फिरवला आणि पोती फरशीवरून उठली. हळू, गुपचूप, एकाही आवाजाशिवाय. जिराफने आडवा हात पाण्यावर फिरवला. टाचणी उलट्या बाजूने दांडा सोडू लागली. भुरभुर पावसाने दांडा ओला झाला होता. एका वळणावर तळहात निसटला.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. दांडा गरागरा उलटा फिरू लागला. तिच्या तोंडाशी येणार, एवढ्यात जिराफने मधे हात घातला. फटका त्याच्या मनगटावर बसला. पोती धाडकन पाण्यात पडली, एक फाटलं, आणि निळ्या पाण्यात वाळूचा भलामोठा ढग पसरला.

व्यवस्थापक बराच वेळ त्या ढगाकडे बघत राहिले. "ह्यावर तुम्ही माणूस बसवणार होतात?" ते म्हणाले. "तलाव साफ करून द्या. आणि हे इथून न्या."

मनगट मोडलं नव्हतं, पण चांगलंच सुजलं होतं. तलाव रिकामा केल्यावर दोघं तळाशी उतरून खराट्याने वाळू लोटत होते. तो एका हाताने. कोरड्या तलावात खराट्याचा खरखराट तेवढा घुमत होता.

"तुझं बरोबर होतं," शेवटी टाचणी म्हणाली. "बोल ना काहीतरी. रागाव तरी."

"राग नाही आला. भीती वाटली."

"यंत्र मोडलं म्हणून?"

"तुला लागलं असतं म्हणून." तो खराट्यावर रेलून उभा राहिला. "आवाजाची लाज नक्की कुणाला वाटते? बाबांना की तुला?"

हा प्रश्न टाचणीने स्वतःला कधी विचारला नव्हता. तिचे डोळे भरून आले. "त्या दिवशी सगळे बघत होते. ते लोंबकळत होते आणि सगळे... मला पुन्हा नको होतं ते."

"मग त्यांनाच विचारू या. ओझं म्हणून धरलंय आपण त्यांना, पण ते बोलणारं ओझं आहे. तूच नाही का सांगितलंस, ते पोत्यासारखे नाहीत, सूचना करतात."

*

घरी दार आईने उघडलं. मनगटाला फडकं बांधलेला उंच मुलगा आणि वाळूने माखलेली मुलगी बघून तिने आधी दोघांना पाणी दिलं आणि मग भुवया वर केल्या. बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. टाचणीने सगळं सांगून टाकलं. प्रकल्प, कप्पी, वाळू, खटका, एका दमात.

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग ते बाजूला सारलं. टाचणीला वाटलं, संपलं.

"म्हणजे मला तू गुपचूप पाण्यात सोडणार होतीस," ते म्हणाले.

"बाबा, आवाज झाला असता तर सगळे..."

"अगं, मी जन्मभर पोरांच्या कलकलाटात शिट्ट्या फुंकून काम केलं. माझ्या तलावात आवाज न करता उतरायला मी काय चोर आहे?" ते जिराफकडे वळले. "तो खटका कुठे आहे? दाखवा बघू, जिराफराव."

जिराफने पिशवीतून खटका आणि दातेरी चाक काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी चाक फिरवलं. कड... कड... कड. मग उलटं फिरवून पाहिलं. हललं नाही. त्यांनी जोर लावला, तरी नाही. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"वाजू दे," ते म्हणाले. "चांगला वाजू दे."

आईने पदराने डोळे टिपले आणि कुणी न सांगता जाऊन खिडकी उघडली.

*

व्यवस्थापकांचं मन वळवायला टेकू सर स्वतः तलावावर आले. त्यांनी खटका बसवलेल्या यंत्राभोवती एक फेरी मारली, बैठकीला लाथ मारून पाहिली, खटका चारदा अडकवला, चारदा सोडवला.

"टेकू पक्का आहे," ते म्हणाले.

"वाळूच्या वेळीही पक्काच वाटला होता," व्यवस्थापक म्हणाले. "माणूस बसलेला दाखवा. मग बघू."

टेकू सरांनी शांतपणे बूट काढले, मोजे काढून त्यात खोचले, घड्याळ जिराफकडे दिलं आणि खुर्चीत जाऊन बसले. नव्वद किलोच्या ते बरेच पुढे होते. टाचणीचा चेहरा उतरला. तिने दांड्याला हात घातला, पण तो फिरवला नाही.

"मी आहे," जिराफ तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला. "आणि मी चुकलो तरी खटका आहे."

तिने दांडा फिरवला. कड... कड... कड. सर फरशीवरून उठले. पाण्यावर गेले. खाली सोडताना अर्ध्यात टाचणीने मुद्दाम दांडा सोडून दिला आणि खटक्यावरचा हातही काढला. व्यवस्थापकांनी श्वास रोखला. सर जिथल्या तिथे थांबले, किंचित झुलले आणि पायाच्या अंगठ्याने पाण्यावर रेघ ओढू लागले.

"सर, आणू का बाहेर?"

"एवढ्यात कशाला," सर म्हणाले. "छान वारं लागतंय."

व्यवस्थापकांनी किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "सुट्टीच्या दिवशी आणा तुमच्या बाबांना," ते म्हणाले. "गर्दी नसते."

"गर्दी असतानाच आणू," टाचणी म्हणाली. "ते तसंच म्हणालेत."

*

आणि तसंच झालं. संध्याकाळची वेळ, तलाव भरलेला, पाण्यावरच्या उन्हाचे कवडसे भिंतींवर नाचत होते. बाबा खुर्चीत बसले, पट्टा आवळला, आणि टाचणीने दांड्यावर दोन्ही हात ठेवले.

कड. कड. कड. कड.

तलावभर आवाज गेला. सगळे वळून बघू लागले. बाबा ताठ बसले होते, एखाद्याला मिरवणुकीत हत्तीवर बसवावं तसे. जिराफने आडवा हात फिरवला. टाचणीने खटका उचलून धरला आणि एकेक वळण सोडत गेली. बाबांची पावलं पाण्याला लागली, मग गुडघे, मग कंबर. ज्याला त्यांनीच कधीकाळी पोहायला शिकवलं होतं तो जीवरक्षक पाण्यात उभा होता. त्याने पट्टा सोडवला.

बाबा पाठीवर तरंगले. जे पाय वर्षभर दगडासारखे जड होते, ते आपोआप वर आले. त्यांनी डोळे मिटले. कान पाण्यात, चेहरा आभाळाकडे. मग हात डोक्यामागे नेले आणि एकदा ओढले. ते पुढे सरकले. पुन्हा ओढले.

कुणी काही सांगितलं नव्हतं, पण पोहणारे एकेक करून कडेला झाले. मधली पट्टी मोकळी झाली. त्या मोकळ्या पट्टीतून बाबा संथपणे या टोकापासून त्या टोकाला गेले. तिथे पोचल्यावर कठड्याला धरून त्यांनी मान वर केली आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी फुंकली, की सगळे दचकले.

"बघता काय नुसते," ते ओरडले. "पाय मारा."

आणि सगळा तलाव हसत, पाणी उडवत पुन्हा हलू लागला. टेकू सर टाळ्या वाजवत होते. व्यवस्थापकही वाजवत होते, फक्त किल्ल्या हातात असल्यामुळे त्यांचा आवाज वेगळा येत होता. आई काठावर पाय सोडून बसली होती, तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि तिला त्याचं भान नव्हतं.

टाचणी दांड्यापाशी उभी होती. तिला रडू येत होतं आणि हसूही, दोन्ही एकदम. जिराफ तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या बाहीला तिची बाही लागत होती. दोघांपैकी कुणीही बाजूला झालं नाही.

"झाला आपला प्रकल्प," तो म्हणाला.

"हं."

"उद्यापासून मग... कार्यशाळेत यायचं काही कारण नाही."

"नाही."

"इथेही तसं माझं काही काम नाही. तुला एकटीला जमतं आता."

"जमतं," टाचणी म्हणाली. ती अजून पाण्याकडेच बघत होती. बाबा आता परतीच्या वाटेवर होते. "पण मला एकटीने करायचं नाहीये."

"म्हणजे मदतनीस हवाय?"

"जिराफ, तू मुद्दाम करतोयस का हे?"

"काय?"

ती त्याच्याकडे वळली. तिचे गाल लाल झाले होते, पण नजर हलली नाही. "मला तू आवडतोस. मदतनीस म्हणून नाही. असाच. रोज... सारखा. कळलं?"

एरवी एकाला दोन उत्तरं देणारा जिराफ खांबाला धरून उभा राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "पुन्हा एकदा म्हण ना. नीट ऐकू आलं नाही."

"मला आलं," पाण्यातून बाबांचा आवाज आला. ते काठापासून दोन हात अंतरावर मान उचलून तरंगत होते. "पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो."

"मलाही आलं," आई मागे वळून न बघता म्हणाली.

टाचणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जिराफने ते हात हलकेच खाली घेतले, आणि एक हात सोडलाच नाही. "मलाही तू आवडतेस," तो म्हणाला. हळू नाही, चांगलं मोठ्याने, तलावातल्या पोहणाऱ्यांनाही ऐकू जाईल इतकं. "खूप. केव्हापासून ते विचारू नकोस, त्याची आकडेमोड मला येत नाही."

ती हसली. लाजून नाही, मोकळी, डोळ्यांत पाणी असताना माणूस हसतो तशी. मग तिला एकदम आठवलं.

"बाबा, वर घेऊ का तुम्हाला? दमला असाल."

"छे," बाबा म्हणाले. "तुम्ही बोला सावकाश. माझी काही घाई नाही."

आणि हात डोक्यामागे नेऊन ते पुन्हा तलावाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाले.